खानावळ, उपाहारगृह आणि हॉटेल

इतिहासाच्या व्याख्यानाला राजे, लढाया आणि तह यांची सवय झालेल्या श्रोत्यांना आमचा विषय जरा हलका वाटेल. खानावळ, उपाहारगृह, हॉटेल, भोजनालय, विश्रांतिगृह, अमृततुल्य, ढाबा, टपरी या शब्दांविषयी आम्ही बोलणार आहोत. शिजलेले अन्न विकत मिळण्याच्या जागेला मराठीत इतकी नावे आहेत, आणि तरी आपला कधी घोटाळा होत नाही. पाटी वाचली की आत काय मिळेल, किती पैसे पडतील, बसायला खुर्ची की बाक, हे सारे आपण रस्त्यावरूनच ओळखतो.

या शब्दांचा नाद आम्हांला लागला तो कामापायी. हॉटेल कामगारांच्या संघटनेत वावरणाऱ्याला रोज पाट्या वाचाव्या लागतात आणि त्या पाटीवरचा शब्द कायद्याच्या कोणत्या कलमात बसतो हे पाहावे लागते. पंडितांसारखी शब्दांची चिकित्सा करण्याचा आमचा अधिकार नाही; जे शिकलो ते रात्री दिव्याखाली, कोश पुढ्यात ठेवून शिकलो. परंतु पाट्या वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. या प्रत्येक शब्दापाठी दोन प्रश्न उभे आहेत. आत कोणाला घेतात, हा एक. आत राबणाऱ्याला काय मिळते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर महाराष्ट्रात उघड भांडणे झाली आणि त्यांची नोंद इतिहासात आहे. दुसरा प्रश्न भटारखान्यातच राहिला.

भटारखाना हा शब्दच पाहा. सराईत उतरलेल्या प्रवाशाला रांधून घालणारा तो भटियारा, आणि त्याच्या चुलीची जागा तो भटारखाना. आज हा शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडी नाही. हॉटेलच्या मागल्या अंगाला, जेथे धूर आणि वाफ असते, तेथील कामगार मात्र त्या जागेला भटारखानाच म्हणतात.

जुन्या काळी आपल्याकडे शिजलेले अन्न विकणे ही प्रतिष्ठेची गोष्ट नव्हती. अन्न द्यावे, विकू नये, अशी समजूत होती. म्हणून वाटसरूला धर्मशाळा असे, क्षेत्राच्या गावी अन्नछत्र असे, कोठे सदावर्त असे. विद्यार्थी वार लावून जेवत किंवा माधुकरी मागत. ज्याला हे काहीच चालत नसे तो शिधा बांधून निघे आणि नदीकाठी तीन दगड मांडून भाकरी भाजून घेई. या साऱ्या व्यवस्थेत पैसा दिसत नाही, पण जात सर्वत्र दिसते. अन्नछत्रात पंगत कोणाची, शेवटी कोण, दाराबाहेर कोण, हे ठरलेले असे. म्हणून जुन्या दानधर्माचे गोडवे गाणाऱ्यांबरोबर आम्ही फार लांबवर जाऊ शकत नाही. अन्न विकू लागले हे एका परीने बरेच झाले, कारण पैशाला जात नसते. निदान नसायला हवी होती.

आता खानावळ. आपण आज 'न' लिहितो, जुने रूप खाणावळ असे आहे. धुण्याबद्दल द्यायचे ते पैसे म्हणजे धुणावळ, दळण्याचे दळणावळ, शिवण्याचे शिवणावळ, घडवण्याचे घडणावळ. त्याच कुळातली ही खाणावळ. म्हणजे शब्दाच्या बांधणीत आधी जागा नाही, मोबदला आहे. आमच्यासारख्याला हा शब्द आवडावा हे साहजिक आहे, कारण खाण्याच्या जागांची जेवढी नावे आम्ही ऐकली त्यांत हिशेबाची खूण अंगावर बाळगणारे हे एकच. मात्र एक गोम आहे. धुणावळीत धुणाऱ्याचे काम आहे, शिवणावळीत शिवणाऱ्याचे. खाणावळीत मात्र काम खाणाऱ्याचे! रांधणारी बाई शब्दातून निसटलीच. रांधणावळ अशी पाटी आम्ही कोठे वाचलेली नाही.

आणि रांधणारी बाईच होती. मुंबईत कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढल्या साठ-सत्तर वर्षांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी, भायखळा हा सारा भाग गिरणगाव झाला. रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांतून माणसे आली, पण एकेकटी आली. बायकामुले गावी शेत राखायला राहिली, कारण मुंबईच्या पगारात कुटुंब पोसत नव्हते आणि गावच्या शेतीत पोट भरत नव्हते. एका गावचे लोक मिळून एक खोली घेत. तिला गाळा म्हणत. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस माणसे, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. सारे एकदम झोपत नसत, म्हणून ते जमे. एक पाळी कामावर गेली की दुसरी आडवी होई.

या माणसांना घरचे अन्न घालणारी ती खानावळवाली. बहुधा ती कोणा आजारी पडलेल्या अथवा काम सुटलेल्या गिरणीकामगाराची बायको असे. पुष्कळदा विधवा, टाकलेली. स्वतःच्याच खोलीत चूल, आणि त्याच खोलीत आळीपाळीने जेवणारे दहा, वीस, कधी त्याहून जास्त 'मेंबर'. पहिल्या पाळीचा भोंगा सकाळी होई, म्हणून तिची पहाट त्याच्या कितीतरी आधी. नळाला पाणी येईल तेव्हा पाणी, रॉकेल मिळेल तेव्हा रॉकेल. दुसऱ्या पाळीचे जेवण, रात्रपाळीचे जेवण. पैसे महिन्याच्या पगाराला. तोवर वाण्याची उधारी तिच्या नावावर, आणि वाणी व्याज सोडत नसे. तिचे मंगळसूत्र महिन्याच्या अखेरीस सावकाराकडे आणि पगारानंतर गळ्यात, असे अनेक घरी चाले.

म्हणजे मुंबईच्या कापडाच्या किमतीत तिचा हिस्सा होता. कामगार स्वस्तात जेवत होता म्हणून कमी पगारात तगत होता. पण गिरणीच्या हजेरीपटात ती नव्हती, कामगारांच्या मोजणीत नव्हती, दुकानदारांच्या मंडळातही नव्हती. लोकांच्या थट्टेत तेवढी होती. परक्या पुरुषांना वाढणारी बाई म्हणजे काय, हे लोक डोळे मिचकावून एकमेकांना सांगत, आणि तेच लोक तिच्या हातचे बोंबील मिटक्या मारून खात.

संपाच्या वेळी तिची खरी ओळख पटे. १९२८ चा गिरणीसंप सहा महिने चालला. पगार बंद म्हणजे खानावळीचे पैसे बंद. तरी चुली पेटत राहिल्या तेथवर माणसे मुंबईत टिकली; ज्यांच्या चुली विझल्या ते गावची वाट धरते झाले. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची भाषणे आहेत, गोळीबार आहेत, वाटाघाटी आहेत. उधारीवर घातलेल्या जेवणांचा हिशेब कोणी लिहिलेला नाही. आमच्या चळवळीच्या लोकांनीही लिहिला नाही, हे येथे सांगितले पाहिजे.

गिरणगावातून आता पुण्याकडे वळू, कारण पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे आत कोणाला घेतात या प्रश्नाचे, मोठे नाटक तेथे झाले. १८९० च्या ऑक्टोबरात पंच हौद मिशनमध्ये एका समारंभास शहरातील प्रतिष्ठित मंडळींना बोलावणे होते. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेल्याला हात लावला. गोपाळराव जोशी हे मोठे खोडकर गृहस्थ. त्यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली. झाले! ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि अखेर रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका कप चहासाठी! ज्या शहरात चहाच्या टेबलावरून एवढे रामायण झाले, त्याच शहरात पुढे राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी चहाची दुकाने थाटली आणि त्यांना नाव मिळाले अमृततुल्य. चहा तोच, पण करणाऱ्याची जात ब्राह्मण आणि नाव संस्कृत, म्हणून सोवळ्यातल्यालाही ओठाला लावता आला. नावात किती शक्ती असते, पाहा.

त्या काळच्या पाट्या म्हणजे जातीचे दाखलेच होते. ब्राह्मणांची खानावळ, मराठा खानावळ, हिंदू हॉटेल, हिंदू विश्रांतिगृह. रेल्वे स्टेशनांवर पाणीसुद्धा हिंदू आणि मुसलमान होते. जेथे जात उघड लिहीत नसत तेथे दुसरे शब्द कामाला येत. 'शुद्ध' आणि 'स्वच्छ' ही विशेषणे नुसती झाडलोटीची नव्हती. दादरला १९१० साली सुरू झालेल्या मामा काणे यांच्या प्रसिद्ध उपाहारगृहाच्या नावातही 'स्वच्छ' हा शब्द आहे. तेथे स्वच्छता होतीच, तो लौकिक खोटा नव्हे. पण त्या काळच्या वाचणाऱ्याला त्या शब्दात आणखीही काही वाचता येत असे. उपाहारगृह हा शब्दही याच वळणाचा. उपाहार म्हणजे जेवणाहून हलके खाणे. जेवण परक्याच्या हातचे चालत नसे. फराळाला मात्र नियम सैल होते. म्हणून भोजनगृह न म्हणता उपाहारगृह म्हटले की मन शांत राही. (पाटी रंगवणारे पुष्कळदा 'उपहारगृह' लिहितात. उपहार म्हणजे भेटवस्तू. तेवढी फुकट मिळत असती तर आम्ही रोज गेलो असतो.)

आणि या सर्व पाट्यांच्या बाहेर जो उभा होता त्याचे काय? अस्पृश्य मानलेल्या माणसाला बहुतेक ठिकाणी आत जागा नव्हती. कोठे चहा मिळालाच तर बाहेर, वेगळ्या कपात, आणि तो कप त्यानेच विसळून ठेवायचा.

म्हणूनच कोल्हापूरची एक गोष्ट आम्हांला शंभर व्याख्यानांहून मोलाची वाटते. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या चाकरीत होते. पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना सहकाऱ्यांनी मारहाण केली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला मदत केली. गंगारामांनी चहाचे दुकान काढले. नाव ठेवले 'सत्यसुधारक हॉटेल'. गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी घेऊन तेथे जात, चहा मागवून पीत, आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजत. राजा प्याला म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? महाराज १९२२ साली निवर्तले, म्हणजे ही घटना त्यापूर्वीची. वटहुकूम काढणे वेगळे आणि बाकावर बसून कप तोंडाला लावणे वेगळे. महाराजांनी दोन्ही केले. त्या पाटीवर जात नव्हती. 'हॉटेल' हा परका शब्द होता, त्याला सोवळे-ओवळे ठाऊक नव्हते. विलायतेत हॉटेल म्हणजे उतरण्याची जागा. आपल्याकडे एक चूल, एक किटली आणि दोन बाक असले की हॉटेल झाले. शुद्ध भाषेचे अभिमानी यावर नाक मुरडतात. आम्हांला मात्र वाटते की, त्या शब्दाच्या परकेपणाचा पुष्कळांना आधार झाला.

इराण्यांची दुकानेही अशीच. यझ्द, केरमान या भागांतून आलेल्या इराणी झरतुष्ट्र्यांनी मुंबईत आणि पुण्यात चौकाचौकांवरचे कोपरे धरले. कयानी १९०४ ची, ब्रिटानिया १९२३ ची. दारावर जात नव्हती. एका कपावर तासभर बसता येई, आणि त्या संगमरवरी टेबलांवर किती संघटनांच्या सभा झाल्या याची गणती नाही. उडप्यांचे वेगळे. माटुंग्याचे रामा नायक यांचे श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे. दक्षिण कानडा जिल्ह्यातून आलेली कोवळी मुले तेथे आणि तशा शेकडो ठिकाणी फडके मारत वाढली, आणि रात्रीच्या कानडी शाळांत शिकली. त्यांतले काही मालक झाले. त्यांची चरित्रे लिहिली जातात. जे फडकेच मारत राहिले ते आमच्याकडे येतात.

स्वातंत्र्यानंतर पहिल्या प्रश्नाला कायद्याने उत्तर दिले. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावाने उल्लेख आहे. धर्म, जात, लिंग यांवरून तेथे कोणाला मज्जाव करता येत नाही. घटनेसारख्या गंभीर ग्रंथात चहाच्या दुकानाची आठवण ठेवावी लागली, यातच सारे आले. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने आणखी खोल जाऊन उपाहारगृहातील भांड्यांच्या वापराचाही उल्लेख केला. म्हणजे तो वेगळा कप कायद्याच्या कलमात येऊन बसला. खेडोपाडी तो कप पुढेही कित्येक वर्षे खिळ्याला टांगलेला दिसे, ही गोष्ट निराळी.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र शब्दांच्या व्याख्यांत अडकले. मुंबई इलाख्यात दुकाने व संस्था यांच्यासाठी १९३९ साली कायदा झाला आणि १९४८ साली तो नव्याने आला. त्यात निवासी हॉटेल एक आणि उपाहारगृह अथवा खानावळ दुसरे, अशा वेगळ्या व्याख्या होत्या. कामाचे नऊ तास, आठवड्याची सुटी, हे सारे त्यांत आले. कायदा चांगला होता. एकच नोकर असला तरी लागू होता. पण उपाहारगृहाची व्याख्या काय? जेथे लोकांना जागेवर बसून खाण्यासाठी जेवण वा फराळ पुरवण्याचा धंदा चालतो ती जागा. 'जागेवर' या एका शब्दाने आम्हांला किती फेऱ्या घालायला लावल्या! एका जिल्ह्याच्या गावी सहा बायका आमच्याकडे आल्या. सकाळपासून पोळ्या लाटायच्या, शेकड्यावर पैसे, सुटी नाही. मालक म्हणे, आमचे उपाहारगृह नव्हेच; येथे कोणी बसून खात नाही, पोळ्या बांधून जातात. मग कारखाना म्हणाल तर यंत्र कोठे आहे? आणि दुकान म्हणाल तर हे आमचे घर आहे, बायका मदतीला येतात. पाटी होती 'घरगुती पोळीभाजी केंद्र'. या 'घरगुती'त मोठी सोय आहे. गिऱ्हाइकाला वाटते आईच्या हातचे, आणि मालकाला सांगता येते की घरात पगार कसला? पुष्कळ हेलपाट्यांनंतर ते 'दुकान' ठरले आणि हजेरीपुस्तकात सहा नावे आली. मजुरीचा तक्ता उपाहारगृहाचा वेगळा आणि दुकानाचा वेगळा, म्हणून शब्दावर एवढा वाद.

पोऱ्याची गोष्ट याहून वाईट. हॉटेलातला पोऱ्या हा शब्द वयाचा की हुद्द्याचा? आम्ही चाळीस वर्षांचे पोऱ्ये पाहिले आहेत, आणि आठ वर्षांचेही. बारक्या, छोटू हीही नावेच; खरे नाव मालकालाही ठाऊक नसे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात धोक्याच्या कामांची यादी होती, तीत चहाचे दुकान नव्हते. २००६ च्या १० ऑक्टोबरपासून चौदा वर्षांखालील मुलांना तेथे ठेवण्यास बंदी आली. त्या आदेशात सरकारला एकेक शब्द मोजून लिहावा लागला: ढाबे, उपाहारगृहे, हॉटेले, मोटेले, चहाची दुकाने. एक शब्द सुटला असता तर त्या पाटीखाली सारी मुले गोळा झाली असती, हे लिहिणाऱ्याला कळत होते.

खानावळवालीकडे परत जाऊ. तिला पहिल्यांदा नाव मिळाले १९७५ साली. प्रेमा पुरव या गिरणगावातल्या जुन्या कार्यकर्त्या. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ साली झाले होते आणि लहान धंद्यांना कर्ज देण्याची भाषा सुरू झाली होती. खानावळ हा धंदा आहे, हे बँकेच्या अर्जात लिहून घ्यायला लावण्याचे काम प्रेमाताईंनी केले. तारण नाही, तर एकमेकींची हमी. पहिल्या तुकडीत चौदा बायका होत्या. त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. मेंबरांचे डबे आणि कार्यालयांची जेवणे त्या पुरवू लागल्या. 'अन्नपूर्णा' हे देवीचे नाव आम्ही ठेवले नसते, आमची धाटणी वेगळी. पण सावकाराच्या पेटीतून मंगळसूत्र बाहेर आले ते त्या नावाखालीच.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडत गेल्या, मेंबर गावी गेले, आणि खानावळींच्या चुली थंडावल्या. ज्या घरांत आजवर गिरणीचा पगार येई त्यांतल्या कित्येकांनी वडापावची गाडी लावली. वडापाव त्याआधीच, १९६६ च्या सुमारास, दादर स्टेशनाबाहेर सुरू झाला होता. गाडीला पाटी लागत नाही. पालिकेची उचलगाडी आली की पळता आले पाहिजे. २०१४ च्या कायद्याने त्या गाडीवाल्याला 'पथविक्रेता' म्हटले. सरकारनेही मधून मधून पाट्या लावल्या. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर केंद्रे निघाली. जागा राहिल्या, झुणका गेला. २०२० साली दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली आणि महामारीत ती पुष्कळांच्या उपयोगी पडली. थाळीचा दर पाटीवर मोठ्या अक्षरात होता. रांधणाऱ्या बचत गटांच्या बायकांना थाळीमागे काय सुटते, ते पाटीवर नव्हते.

२०१७ साली महाराष्ट्राने दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा केला, तेव्हा दहाहून कमी माणसांच्या जागा त्याच्या बहुतेक कलमांतून बाहेर पडल्या. बहुतेक खानावळी, टपऱ्या आणि पोळीभाजी केंद्रे दहाच्या आतलीच.

आता शहरांत नवी जात निघाली आहे. तिला क्लाउड किचन म्हणतात. तेथे बाक नाही, गल्ला नाही, जागेवर खाणारा तर कोणीच नाही. मोबाइलवर एकाच चुलीची पाच-सहा नावे दिसतात. बिर्याणीचे एक, थाळीचे दुसरे, चिनी पदार्थांचे तिसरे. पोचवणाऱ्यांसाठी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत नवे शब्द घातले गेले. आत रांधणाऱ्यांसाठी कोणी शब्द काढलेला नाही. मध्यंतरी अशा एका जागी आम्ही गेलो होतो. जुन्या चाळीच्या मागे, पत्र्याखाली, दाराला पाटी नाही. आत चार पुरुष आणि दोन बायका, अंगावर घाम. कोठे काम करता, असे विचारले. त्यांनी मोबाइलवरचे एकही नाव घेतले नाही. कपाळ पुसत एक बाई म्हणाली, "इथंच, भटारखान्यात."